पराजयातून लाभलेले बळ : आचार्य जगदीशचंद्र बसू

मनुष्यावर कसोटीचा प्रसंग आला म्हणजे त्याचे बाहेरचे आधार एकामागून एक सुटू लागतात. अधिकार असतो तो निरुपयोगी ठरतो, स्नेही मौन धरतात, आणि ज्या विद्येवर सारी भिस्त ठेवली त्या विद्येविषयीच लोक शंका घेऊ लागतात. अशा वेळी बालपणी ऐकलेली एखादी कथा किंवा पाहिलेला एखादा प्रसंग मनाच्या तळातून वर येतो आणि खचलेल्या पुरुषास उभा करतो, असा अनेकांचा अनुभव आहे. बहुधा अशी कथा एखाद्या विजयी वीराची असते. परंतु ज्या महापुरुषाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, त्यांना आयुष्यभर बळ देणारी कथा एका पराभूत वीराची होती. तो वीर म्हणजे महाभारतातील कर्ण, आणि ते महापुरुष म्हणजे विज्ञानाचार्य जगदीशचंद्र बसू.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये मैमनसिंह येथे झाला. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. त्यांचे मूळ घराणे ढाक्याजवळील विक्रमपूर परगण्यातले. वडील भगवानचंद्र हे सरकारी सेवेत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते व ब्राह्मसमाजाचे अनुयायी होते. आई बामासुंदरी या जुन्या वळणाच्या, धर्मनिष्ठ गृहिणी होत्या. जगदीशचंद्रांचे बालपण गेले ते फरीदपूर येथे. नद्यांनी वेढलेला तो मुलूख, कोळ्यांच्या नावा, पुराचे पाणी आणि दाट वनराजी यांच्या सान्निध्यात हा मुलगा वाढला.

त्या काळी मोठ्या सरकारी अधिकाऱ्याने आपल्या मुलास इंग्रजी शाळेत घालावे, अशी रीत पडली होती. भगवानचंद्रांनी मात्र मुलास गावच्या बंगाली पाठशाळेत पाठविले. आधी मातृभाषा यावी, आपली माणसे कळावीत, मग परकी भाषा, असे त्यांचे मत होते. पाठशाळेत जगदीशच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान शिपायाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूस एका कोळ्याचा. ही मुले पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या आणि पाण्यातील जीवांच्या गोष्टी सांगत आणि जगदीश त्या तल्लीन होऊन ऐके. शाळा सुटल्यावर ती त्याच्याबरोबर घरी येत, तेव्हा बामासुंदरी त्या सर्वांस सारखेच खाऊ घालीत. निसर्गातील जीवांविषयीचे कुतूहल आणि मनुष्यामनुष्यांत भेद न मानण्याची बुद्धी ही दोन्ही आपल्याला या पाठशाळेत व या घरात मिळाली, असे जगदीशचंद्रांनी पुढे प्रौढपणी एका भाषणात कृतज्ञतेने सांगितले.

लहानग्या जगदीशला पाठशाळेत नेणारा गडीही असामान्य होता. तो पूर्वी दरोडेखोर होता व भगवानचंद्रांनीच त्याला तुरुंगवासाची शिक्षा दिली होती. शिक्षा भोगून तो सुटला, पण त्याला कोणी काम देईना. तेव्हा तो त्याच न्यायाधीशापुढे येऊन उभा राहिला, आणि भगवानचंद्रांनी त्याला आपल्या घरी ठेवून आपला मुलगाच त्याच्या स्वाधीन केला. हा दणकट पुरुष मुलाला खांद्यावर बसवून नेई आणि वाटेत आपल्या जुन्या लढायांच्या कथा सांगे. एकदा कुटुंब नावेतून प्रवास करीत असता दरोडेखोरांच्या होड्या पाठीस लागल्या. तेव्हा या गड्याने उभे राहून एक विशिष्ट आरोळी ठोकली, आणि ती ओळखून पाठलाग करणारे आल्या वाटेने परतले. माणसावर टाकलेला विश्वास वाया जात नाही, ही गोष्ट मुलाने पुस्तकातून नव्हे तर प्रत्यक्ष पाहून शिकली.

या सर्व संस्कारांहून खोल गेलेला संस्कार मात्र जात्रेचा होता. आपल्याकडे कोकणात जसे दशावतारी खेळ होतात, तशी बंगालमध्ये जात्रा नावाची लोकनाट्याची परंपरा आहे. पडदा नाही, उंच रंगमंच नाही. उघड्यावर लोक गोल करून बसतात आणि मध्यभागी रामायण-महाभारतातील आख्याने रात्रभर रंगतात. फरीदपूरच्या त्या जात्रांत जगदीशने महाभारत पाहिले. पाहणारे अर्जुनाचा जयजयकार करीत. या मुलाचे मन मात्र कर्णापाशी जाऊन थांबले.

महाभारताचा जिज्ञासू वाचक जाणतो की, व्यासांनी कर्णाचे चित्र निर्दोष रेखाटलेले नाही. द्यूतसभेत द्रौपदीविषयी त्याने काढलेले उद्गार कोणत्याही टीकाकारास सावरता आलेले नाहीत, आणि अभिमन्यूच्या वधातही त्याचा हात होता. परंतु त्याच ग्रंथात कर्णाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली आहे. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर तो अर्जुनास आव्हान देतो, तेव्हा त्याच्या धनुर्विद्येची परीक्षा न घेता त्याचे कुल विचारले जाते. उद्योगपर्वात श्रीकृष्ण त्याला त्याच्या जन्माचे रहस्य सांगून पांडवांचे ज्येष्ठपद व राज्य देऊ करतात, पण ज्यांनी वाढविले त्या सूत दांपत्यास आणि ज्याने संकटात हात दिला त्या मित्रास सोडण्यास तो तयार होत नाही. आपण पांडवांस कठोर बोललो याचा पश्चात्तापही तो तेथेच व्यक्त करतो. पराभव समोर दिसत असताही तो आपली बाजू सोडीत नाही. आणि अखेरच्या युद्धात अश्वसेन नाग पुन्हा बाणावर बसून अर्जुनास मारण्याची तयारी दाखवितो, तेव्हा दुसऱ्याच्या बळावर जय मिळविणे आपणास नको म्हणून तो त्याला परत पाठवितो. जात्रेतील पोराने ग्रंथाची चिकित्सा केली नाही. त्याने ही एकच बाजू उचलली. हीन मानला गेलेला, वारंवार अडविला गेलेला, तरी मिंधेपणाचा विजय नाकारून सरळ लढणारा आणि हरतानाही तेजस्वी राहणारा पुरुष त्याच्या मनात कायमचा बसला.

कर्णाची ही मूर्ती इतकी खोल रुजण्याचे कारण घरातच होते. भगवानचंद्र हे लोकांच्या उत्कर्षासाठी अखंड खटपट करणारे गृहस्थ होते. फरीदपूरला त्यांनी शेती व हस्तव्यवसाय यांना उत्तेजन देणारा मेळा सुरू केला. पुढे बर्दवान येथे बदली झाल्यावर तेथे तापाच्या साथीने हाहाकार उडाला. तेव्हा अनाथ झालेल्या मुलांसाठी त्यांनी आपल्या राहत्या घराच्या आवारात सुतारकामाचे व धातुकामाचे कारखाने काढले. शाळेच्या सुटीत जगदीशही त्या कारागिरांत रमत असे. लोकांनी स्वतंत्र उद्योग करावा म्हणून भगवानचंद्रांनी आसामात चहाच्या मळ्यात पैसा घातला, मुंबईत कापड विणण्याच्या एका कंपनीत पैसा घातला. यांपैकी बहुतेक उद्योग बुडाले, आणि जे पुढे भरभराटीस आले त्यांचा लाभ दुसऱ्यांस मिळाला. शेवटी प्रकृती खालावली आणि डोक्यावर मोठे कर्ज झाले. जगाच्या दृष्टीने हे एक अयशस्वी आयुष्य होते. परंतु मुलाच्या दृष्टीस जात्रेतील कर्ण आणि घरातील वडील हळूहळू एकरूप होऊ लागले. लोकांसाठी लढणारा आणि लढताना हरणारा पुरुष हा त्याला लहान वाटेना. उलट सहज मिळालेले यशच त्याला लहान वाटू लागले. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चरित्राचे लेखक पॅट्रिक गेडिस यांना जगदीशचंद्रांनी आपल्या मनाची ही जडणघडण स्वतःच सांगितली आहे.

१८६९ साली जगदीश कलकत्त्यास आला. तेथे हेअर स्कूल, मग सेंट झेवियर्सची शाळा व महाविद्यालय असा त्याचा विद्याभ्यास झाला. फादर लाफों यांच्या प्रयोगांनी त्याला भौतिकशास्त्राची गोडी लागली. १८८० साली वैद्यक शिकण्यासाठी तो इंग्लंडला गेला, पण तापाच्या दुखण्याने ते शिक्षण सोडावे लागले. तेव्हा केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात प्रवेश घेऊन त्याने लॉर्ड रॅले यांच्यासारख्या आचार्यांपाशी विज्ञानाचे अध्ययन केले आणि १८८४ मध्ये केंब्रिज व लंडन या दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या संपादन केल्या.

१८८५ मध्ये जगदीशचंद्र कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले, आणि येथूनच त्यांच्या खऱ्या संग्रामास आरंभ झाला. हिंदी मनुष्य विज्ञान शिकविण्यास योग्य नाही, असा त्या काळच्या अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांचा समज होता. त्या वेळच्या नियमानुसार एकाच कामासाठी हिंदी अध्यापकास युरोपीय अध्यापकाच्या दोन तृतीयांश वेतन मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक तात्पुरती असल्याने तेही निम्मे झाले, म्हणजे केवळ एक तृतीयांश उरले. घरी वडिलांचे कर्ज होते, वडील आजारी होते, पैशाची अत्यंत निकड होती. अशा स्थितीत कोणताही व्यवहारी मनुष्य मिळेल ते पदरात घेता. जगदीशचंद्रांनी तसे केले नाही. त्यांनी भांडण केले नाही, राजीनामाही दिला नाही. ते नित्यनेमाने व पूर्ण मनाने शिकवीत राहिले, पण अपुऱ्या वेतनाला त्यांनी तीन वर्षे हात लावला नाही. याच काळात, १८८७ मध्ये, अबलादेवींशी त्यांचा विवाह झाला, आणि त्या साध्वीने ही ओढाताण हसतमुखाने सोसली. अखेर सरकारला त्यांची योग्यता मान्य करावी लागली. त्यांची नेमणूक कायम झाली आणि मागील तीन वर्षांचे संपूर्ण वेतन एकरकमी त्यांच्या हाती आले. ते त्यांनी वडिलांच्या कर्जफेडीस लावले आणि पुढील काही वर्षांत ते ऋण निःशेष फेडून टाकले. ज्या पित्याचा पराभव त्यांनी लहानपणी पाहिला होता, त्याला त्यांनी ऋणमुक्त केले.

१८९४ साली आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी त्यांनी संशोधनास वाहून घेण्याचा संकल्प केला. कॉलेजात त्यांच्यासाठी प्रयोगशाळा नव्हती. स्नानगृहालगतची एक लहानशी खोली त्यांनी त्यासाठी वापरली आणि पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिरास हाताशी धरून उपकरणे करवून घेतली. अध्यापनाचा भार पूर्ण होता, त्यामुळे संशोधनास उरे तो केवळ विश्रांतीचा वेळ. तरीही वर्षभरात त्यांनी सुमारे ५ मिलिमीटर इतक्या आखूड विद्युत्तरंगांवर प्रयोग केले. १८९५ मध्ये कलकत्त्यातील जाहीर प्रयोगात त्यांनी तारेवाचून पाठविलेल्या तरंगांनी भिंती पार करून दूरच्या दालनातील घंटा वाजविली व दारू पेटविली. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली आणि जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

इतका मान मिळूनही कलकत्त्यात परतल्यावर अडचणी पूर्ववतच होत्या. याच काळात त्यांनी आपले परम मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांना कर्णावर काव्य लिहिण्याची विनंती केली. मोठा वैज्ञानिक आपल्या कविमित्रास अनेक विषय सुचवू शकला असता. त्याने सुचविला तो बालपणीच्या जात्रेतील वीर. रवींद्रनाथांनी ती विनंती मानून कर्ण व कुंती यांच्या गंगातीरावरील भेटीवर जे संवादकाव्य लिहिले, ते १९०० साली ‘काहिनी’ या संग्रहात आले व बंगाली साहित्यात अजरामर झाले. चाळिशी ओलांडलेल्या जगदीशचंद्रांच्या मनात कर्ण किती जागा होता, याची ही साक्ष होय.

आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच सर्वांत कठीण कसोटी आली. विद्युत्तरंग टिपणारी आपली उपकरणे सतत वापरल्यावर जणू थकतात आणि विश्रांतीनंतर पुन्हा तरतरीत होतात, असे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यावरून धातू, वनस्पती व प्राण्यांचे स्नायू यांना विद्युत्प्रेरणा दिली असता त्यांच्या प्रतिसादात विलक्षण साम्य दिसते, असे प्रतिपादन त्यांनी १९०० साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय भौतिकी परिषदेत केले. १० मे १९०१ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे प्रयोग करून दाखविले. त्या व्याख्यानाच्या सुमारास तारायंत्राच्या व्यवसायातील एक धनाढ्य गृहस्थ त्यांच्याकडे आले व त्यांच्या शोधाचे पेटंट घेऊन अमाप द्रव्य मिळविण्याची योजना त्यांनी पुढे केली. जगदीशचंद्रांनी ती नाकारली. विद्येचा त्यांना व्यापार करावयाचा नव्हता. पुढे स्नेह्यांच्या आग्रहावरून १९०४ साली अमेरिकेत त्यांच्या नावे एक पेटंट झाले खरे, पण त्यापासून त्यांनी कधी लाभ घेतला नाही.

६ जून १९०१ रोजी रॉयल सोसायटीपुढे त्यांनी आपला निबंध वाचला. तेथे शरीरशास्त्राचे ज्येष्ठ आचार्य सर जॉन बर्डन सँडरसन यांनी त्यास विरोध केला. भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या क्षेत्रात राहावे आणि निबंधाच्या नावात प्रतिसाद या शब्दाऐवजी भौतिक प्रतिक्रिया असा शब्द घालावा, असे त्यांनी सुचविले. एक शब्द बदलला असता तर वाद तेथेच मिटला असता. परंतु जे आपण पाहिले ते भीतीपोटी दुसऱ्या नावाने सांगणे जगदीशचंद्रांस मान्य झाले नाही. त्यांनी नकार दिला, आणि निबंध छापला न जाता दप्तरात पडून राहिला. रंगभूमीवर विद्येची परीक्षा न घेता कुल विचारले गेले होते. येथे प्रयोगाची परीक्षा न घेता क्षेत्र विचारले गेले.

रजेची मुदत संपत आली होती व कलकत्त्यास परतल्यास वाद अर्धवट राहणार होता. रवींद्रनाथांनी मित्राची अडचण ओळखली आणि त्यांच्या प्रयत्नाने त्रिपुराचे महाराज राधाकिशोर माणिक्य यांनी साहाय्य पाठविले. १९०२ मध्ये लिनियन सोसायटीने त्यांचे संशोधन स्वीकारून प्रसिद्ध केले व त्याच वर्षी सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादावरील त्यांचा ग्रंथही निघाला. परंतु १९०३-०४ मध्ये रॉयल सोसायटीकडे पाठविलेले वनस्पतिविषयक निबंध पुन्हा अडले. तेव्हा जगदीशचंद्रांनी दाराशी तिष्ठत राहण्याचे सोडून देऊन आपले संशोधन सरळ ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९०६ व १९०७ या लागोपाठच्या वर्षी त्यांचे दोन मोठे ग्रंथ बाहेर पडले. भगिनी निवेदिता यांनी या लेखनात त्यांना मोलाची मदत केली. वनस्पतीच्या वाढीची अतिसूक्ष्म गती हजारो पटींनी मोठी करून दाखविणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्रही पुढे त्यांनी भारतीय कारागिरांच्या हातून घडविले. या सर्व काळात त्यांनी विरोधकांस उत्तर दिले ते नव्या प्रयोगाने.

१९१५ मध्ये ते सेवानिवृत्त झाले, १९१७ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी, आपल्या जन्मदिनी, त्यांनी कलकत्त्यात बसू विज्ञान मंदिराची स्थापना केली. त्या संस्थेचे चिन्ह म्हणून त्यांनी वज्र निवडले, जे देवांच्या कार्यासाठी दधीचींनी दिलेल्या अस्थींतून घडले होते. तरीही क्रेस्कोग्राफविषयी शंका घेणारे होतेच. १९२० च्या वसंतात लंडनमध्ये तज्ज्ञांपुढे ते यंत्र चालवून दाखविले गेले, त्यांनी त्याची अचूकता जाहीरपणे मान्य केली, आणि ज्या रॉयल सोसायटीने निबंध दप्तरात टाकले होते तिनेच त्या वर्षी जगदीशचंद्रांस आपले सदस्यत्व दिले. एकोणीस वर्षांचा हा काळ होता. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे देहावसान झाले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जगदीशचंद्रांची सर्वच अनुमाने पुढील विज्ञानाने स्वीकारली असे नाही. धातू व सजीव यांच्या प्रतिसादांतील साम्यावरून त्यांनी काढलेले व्यापक निष्कर्ष मान्य झाले नाहीत. उलटपक्षी, वनस्पतींमध्ये विद्युत्संकेत वाहतात ही गोष्ट आज सर्वमान्य आहे, आणि तरंग टिपण्यासाठी अर्धवाहक स्फटिकाचा उपयोग प्रथम त्यांनीच केला, हे १९५५ साली पिअर्सन व ब्रॅटन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी नमूद केले. काही बाबतींत जय, काही बाबतींत पराजय, असाच त्यांच्या कार्याचा हिशेब आहे. पण या हिशेबाची भीती त्यांना नव्हती, कारण त्यांचा आत्मविश्वास जयावर उभा नव्हताच.

वडिलांनी फरीदपूरला सुरू केलेल्या मेळ्यास पन्नास वर्षे झाली, तेव्हा त्या गावी बोलताना जगदीशचंद्रांनी पित्याच्या अपयशाचा उल्लेख टाळला नाही. ते अपयश होते, हे त्यांनी कबूल केले. परंतु ते क्षुद्र नव्हते व व्यर्थही नव्हते, आणि ती झुंज पाहूनच आपण यश व अपयश सारखे मानण्यास शिकलो, काही पराभव विजयाहून थोर असतात हे आपणास तेथेच कळले, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. सिद्धी व असिद्धी यांविषयी समबुद्धी ठेवून कर्म करावे, ही गीतेची शिकवण आपण पाठ करतो. जगदीशचंद्रांस ती एका जात्रेतून आणि एका कर्जबाजारी पित्याकडून मिळाली.

विजयाच्या आठवणीवर उभारलेला विश्वास पहिल्या मोठ्या पराभवाबरोबर डळमळतो. परंतु हरतानाही सरळ राहिलेल्या पुरुषाची आठवण ज्याने जपली आहे, त्याच्याकडून पराभव काय हिरावून घेणार? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा पिता, आजोबा किंवा शेजारी होऊन गेलेला असतो, ज्याला जगाने अयशस्वी म्हटले. कामाच्या ठिकाणी अन्याय होत असेल, कष्टांची दखल घेतली जात नसेल, तर त्या माणसाची मुद्रा एकदा डोळ्यांपुढे आणावी. आणि आपल्या मुलांसमोर वागताना हेही ध्यानात ठेवावे की, आपले यश ती कदाचित विसरतील. आपण हरलो तेव्हा कसे वागलो, हे मात्र ती आयुष्यभर विसरणार नाहीत.